ओळीखालचं बोट

दाराआडून बाईच्या आवाजात कुणी तरी विचारलं, कोण आहे. मी म्हणाले, खोली बघायला आलेय, मुलींच्या शाळेत शिकवते. नाव विचारलं, सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं. तेही सांगितलं, आडनावासकट, खणखणीत, कारण नाव सांगताना पुटपुटू नये असं मी वर्गात पोरींना रोज बजावते आणि आपलंच बजावणं आपण मोडायचं म्हणजे काय. त्यानंतर आतून काहीच आलं नाही. आदल्या दिवशी घरमालक शाळेच्या फाटकाशी भेटले होते. खोली रिकामीच आहे, उद्या पाचला या, मी नसलो तरी मंडळी दाखवतील, असं हसून म्हणाले होते. माझं आडनाव विचारायचं तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून दोन पावलं दिसत होती, जोडवी घातलेली, अगदी उंबऱ्याशी आलेली. मी थाप मारली. बांगड्या वाजल्या, कडीपर्यंत चढल्या आणि तिथंच थांबल्या. दुसरी थाप मारली. पावलं पुढे आली नाहीत, मागेही गेली नाहीत. जालन्यात आल्यापासून हे चौथं दार, तेव्हा मला राग यायला हवा होता, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. पण तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो दारापासून वीतभर अंतरावर तसाच राहिला. तिसरी थाप मारायची नसते, हे माझ्या अंगाला ठाऊक होतं. भर उन्हात पाठीवर काटा आला. कुठून ठाऊक होतं ते डोक्याला काही आठवेना. मी हात खाली घेतला आणि चालू लागले.

मस्तगडावर येईपर्यंत आठवलं. तिथं नर्स गिरिजाबाईंच्या खोलीत अर्धी जागा मला मिळाली होती, त्यांची बदली होईपर्यंत. आठवलं ते तुकड्यांनी. अंधारात एक माणूस दारावर थाप मारतो. कुणी उघडत नाही. दुसरी थाप मारतो. मग तो हातातला कंदील उचलून दाराच्या फटीला लावतो आणि डोळा फटीला भिडवतो. बस. त्याला आत काय दिसलं ते मला माहीत नव्हतं, कारण त्या जागी मी, वय वर्षे नऊ, परकरात मुतले होते आणि आईनं मला दंडाला धरून घरी नेलं होतं. पुढचं ऐकायचं राहिलं. पुढं मी शिकले, डी.एड. झाले, रात्री एकटीनं एस.टी.नं प्रवास केला, भूतबित सगळं झूट आहे हे शाळेच्या फळ्यावर लिहूनही दाखवलं. पण बंद दाराच्या फटीतून उजेड दिसला की मी नजर वळवते. आज पहिल्यांदा मला कळलं की गेली अठरा वर्षं मी ती फट चुकवत आलेय. त्या माणसाला आत काय दिसलं? एवढं एकदा कळलं की माझा हात तिसऱ्यांदा अडणार नाही असं मला वाटू लागलं, आणि एकदा वाटलं की मला ते सोडवत नाही, हा माझा स्वभाव आहे.

ती गोष्ट मी वाचली नव्हती, ऐकली होती. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात, आमच्या वस्तीत, धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी रोज दिवेलागणीला वाचन सुरू झालं होतं. देव्हाऱ्यातले देव गोदावरीत गेले होते आणि त्यांच्या जागी काय ठेवायचं याचं उत्तर म्हणून जणू वर्तमानपत्र आलं होतं. ते संध्याकाळच्या गाडीनं यायचं आणि साहेबराव मामा ते वाचायचे. माझ्या आईचं माहेर त्याच गावातलं आणि ते तिच्या भावकीतले, म्हणून मामा. दिवसभर सडकेच्या गँगवर खडी फोडायचे, संध्याकाळी हात धुऊन, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचे. चौथी शिकलेले. पण आवाज असा, की साखरेचे भाव वाचले तरी माणसं पुढं सरकून बसायची. मी आयुष्यात पुष्कळ वाचणारे ऐकले, प्रशिक्षणात ऐकले, संमेलनात ऐकले. मामांसारखा वाचणारा मला भेटला नाही. ते ओळीखाली उजव्या हाताचं बोट धरायचे, खडीनं नख काळं पडलेलं, आणि बोट शब्दाबरोबर सरकायचं, म्हणजे शेजारी बसलेल्या पोरांना कोणता शब्द कसा दिसतो ते कळावं. मला अक्षरं त्या बोटानं शिकवली. कंदील धरायचं काम माझं असायचं, त्यामुळे बोटाच्या सगळ्यात जवळ मीच.

त्यांचा एक नियम होता. आधी वाचून बघायचं नाही. वर्तमानपत्राची घडी सगळ्यांसमोर मोडायची, आणि वाचणाऱ्यालासुद्धा बातमी त्याच क्षणी कळायची ज्या क्षणी ऐकणाऱ्याला. एकदा कुणी तरी म्हणालं, मामा, जरा आधी नजर टाकत जा, अडखळणार नाही. त्यावर ते म्हणाले होते की आजवर ज्यांना वाचता येत होतं त्यांनी आधी वाचलं आणि आपल्याला हवं तेवढं सांगितलं, ते आता पुरे. समद्यांला एकदमच कळलं पाहिजे. वस्तीला हा नियम इतका पटला होता की कुणी बाजारातून पुडीचा कागद आणला तरी तो उलटा धरून आणायचं, चुकून आधी वाचला जाऊ नये म्हणून. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही उलटा धरायचे.

त्या दिवशी गाडी आलीच नाही. वर्तमानपत्र नाही, आणि माणसं तर जमलेली, साठ-सत्तर, पुढं म्हातारी खोडं, त्यात मामांचे वडील पुंजारामबाबा काठीवर हनुवटी टेकून. मग शाळेच्या रद्दीतून कुणी आणलेला जुना दिवाळी अंक निघाला. मामांनी मधेच कुठं तरी उघडला. भुताची गोष्ट निघाली. भूत आपण मानत नाही, मग वाचायची कशी, असा थोडा वाद झाला आणि मानत नाही म्हणूनच वाचायला हरकत नाही असं ठरलं. मामा वाचू लागले. अंधार, सोसाट्याचा वारा, पहिली थाप. मी कंदील धरून होते. दुसरी थाप. आणि मग मला दिसलं की बोट थांबलंय. आवाज पुढं चाललाय आणि बोट एका शब्दाखाली तसंच उभं आहे. कंदील, फट, डोळा, सगळं आवाज सांगत होता, पण बोट हलत नव्हतं. अंगावर पहिला काटा आला तो गोष्टीनं की त्या बोटानं, हे मला आजही सांगता येणार नाही. शब्द कागद सोडून कुठून तरी येत होते. मी घाबरून मामांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यानंतरचं आईच जाणे.

जालन्यातल्या त्या बंद दाराच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोष्टीच्या मागे लागले. आईला पत्र घातलं. तिनं शेजारच्या मुलाकडून उत्तर लिहवून पाठवलं की तुला घरी आणून धुतलं एवढंच आठवतं. सुट्टीत गावी गेले तेव्हा वस्तीत विचारलं. म्हस्कूकाका म्हणाले, आत सोन्याचा हंडा होता. साखराबाई म्हणाली, लांडगा होता, चांगला आठवतोय. तिसऱ्यानं तर सांगितलं की ती गोष्ट नव्हतीच, बातमी होती. खुद्द मामांना जाऊन विचारावं, तर ते डोळे गेल्यापासून लेकीकडं घनसावंगीला राहत होते. आणि खरं सांगायचं तर मला ऐकीव नको होतं. छापलेलं असताना ऐकीव कशाला? मी शिक्षिका आहे. पोरींनी धडा वाचताना मनचा शब्द घातला की मी छडी आपटते, आहे ते वाचा म्हणते. म्हणून मी बद्रीनाथ रद्दीवाल्याकडं गेले. मस्तगडाच्या उतारावर त्याचं दुकान, जुने अंक सुतळीनं बांधून छतापर्यंत रचलेले. तो म्हणाला, भुताची गोष्ट शोधायला बाई आली हे बी एक भुताटकीच हाय. पण दर रविवारी त्यानं मला एक खोका उलटा घालून बसायला दिला, चहा पाजला, आणि त्याच्याकडचे सगळे गठ्ठे सोडून बघू दिले. अकरा रविवार गेले. त्या अकरा आठवड्यांत शाळेला जाता येता मी त्याच गल्लीतून जात होते. खोली अजून रिकामी होती, बाहेरून कुलूप दिसायचं. कधी खिडकीशी ती बाई दिसायची, माझ्याएवढीच, आणि मला बघून आत व्हायची. बाराव्या रविवारी अंक सापडला. आतल्या पानावर दार आणि दारावर एक काळा हात काढलेला होता. नऊ वर्षांच्या मुलीनं कंदिलाच्या उजेडात पाहिलेला तो हात मी लगेच ओळखला, आणि मला इतका आनंद झाला की बद्रीनाथलाही हसू आलं.

आनंद दोन पानं टिकला. गोष्ट एका वाड्याची होती. वेशीची राखण करणारा येसकर पाटलाच्या गाडीपुढं कंदील धरून धावताना मेलेला असतो, आणि दर अवसेला त्याचं भूत आपली भाकर मागायला दारावर येतं. तिसऱ्या थापेला ओ दिली की घरातलं एक माणूस जातं. इथवर ठीक, इथवर मी शहारले सुद्धा. पण येसकर हा शब्द दुसऱ्या थापेनंतरच पहिल्यांदा येतो, आणि त्याच्यापुढंच त्याचं वर्णन होतं. त्याच्या रंगाचं, दातांचं, वासाचं. ते मी इथं लिहीत नाही. आणि शेवटी वाड्यातले कर्ते पुरुष पायातलं काढून हातात घेतात, दारातूनच त्याला नुसतं दाखवतात, आणि ते भूत जोहार मायबाप करत वेशीबाहेर पळत सुटतं. मेल्यावरही ते आपली पायरी विसरलं नाही, असं शेवटचं वाक्य होतं. संपली गोष्ट. कंदील उचलून फटीला लावणं नव्हतं. फटीतून बघणारा डोळा नव्हता. सगळी गोष्ट दाराच्या आत बसून लिहिलेली होती, बाहेरून कुणी आत बघतच नव्हतं.

मी अंक मिटला आणि मला राग आला तो लिहिणाऱ्याचा नाही, मामांचा. लिहिणारा कोण कुठला, त्याच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. पण मामा? सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे म्हणणारे, ते साठ माणसांसमोर बोट धरून खोटं वाचत होते, आणि मी त्या बोटावर अक्षरं शिकले होते. आठवडाभर हा राग मी शाळेत पोरींवर काढला. मग एका तासाला एक पोरगी अडखळत वाचत होती, बोट ओळीखाली, आणि बोट एका शब्दापाशी थांबलं. आणि मला ओट्यावर पुढं बसलेले पुंजारामबाबा दिसले. काठीवर हनुवटी टेकलेले. पुंजारामबाबा आमच्या गावचे शेवटचे येसकर. रोज संध्याकाळी त्यांनी दारोदार भाकर मागितली होती, गाड्यांपुढं कंदील धरून ते धावले होते. मामांना पुढं काय येणार ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी आधी वाचलं नव्हतं, कारण तो त्यांचाच नियम होता. येसकर हा शब्द आला, मग ते वर्णन आलं, समोर बाप, बाजूला साठ माणसं, आणि थांबायलाही जागा नाही, कारण थांबलं तर लोक विचारणार, काय लिहिलंय. तेवढ्या एका श्वासात त्या माणसानं बोट जागेवर ठेवलं आणि आवाज पुढं नेला. म्हातारा येसकर दाराबाहेर उभा होता, त्याच्या हातात मामांनी कंदील दिला आणि डोळा दिला. चौथी शिकलेला, खडी फोडणारा माणूस. मी वर्गात उभी होते आणि मला रडू आलं. पोरींना वाटलं, वाचन फारच वाईट झालं.

पुढच्या रविवारी एस.टी.नं घनसावंगीला गेले. केशरबाईंच्या, म्हणजे मामांच्या लेकीच्या, ओसरीवर चार-पाच बाया न फुललेल्या कवडी बोंडांतून कापूस काढत बसल्या होत्या, त्यांची पोरं अंगणात. मामा भिंतीला टेकून, डोळे पांढरे झालेले, टोपी धुतलेली. आवाजावरून ओळखलं मला. जालन्यात खोली मिळाली का विचारलं. मी त्या दाराचं सांगितलं, पावलांचं आणि बांगड्यांचंही. मग मी गोष्टीचं काढलं, की मामा, तुम्ही त्या दिवशी वाचलं त्यात फटीतून काय दिसलं, ते ऐकायला आले. ते बराच वेळ हसत राहिले, आवाज न करता. म्हणाले, म्हंजी तुला कळलं. मी म्हणाले, बोट थांबलं होतं.

"कंदील तुझ्या हातात व्हता, तुला दिसणारच. म्या तो अंक घरी नेला अन् चुलीत घातला. पुढचं पान बिलकुल वाचलं न्हाई. आपला नियम मोडला त्यो मोडला, वर चोरून वाचायचं कशाला. तवा म्या काय सांगितलं ते तू ऐकलं न्हाई, अन् त्यानं काय लिव्हलंय ते म्या. आणलाय का अंक?"

मी आणला होता. ते म्हणाले, वाच. मी म्हणाले, मामा, राहू द्या. ते म्हणाले, "समद्यांला ऐकू दे. तसंच वाचायचं असतंय." बायांनी हात थांबवले. पोरं ओसरीला येऊन टेकली. मामांनी हात पुढं करून चाचपला, माझं ओळीखालचं बोट शोधलं आणि त्याच्यावर आपलं बोट ठेवलं. नख अजून काळंच होतं. मी वाचू लागले. अंधार, वारा, वाडा, पहिली थाप. आमची दोन बोटं एकावर एक ओळीखाली सरकत होती. मी चांगलं वाचते, आणि त्या दिवशी तर मी माझ्या आयुष्यात वाचलं नाही असं वाचत होते, कारण शिकवणाराच कानाशी होता. दुसरी थाप. येसकर हा शब्द आला. त्याच्यापुढं ते वर्णन. मला ते पाठ होतं, मी आधी वाचलं होतं, नियम मीही मोडला होता. समोर एक पोरगी तोंड उघडं टाकून बसली होती, सात-आठ वर्षांची, पुंजारामबाबांची पणती. आहे ते वाचा, असं मी पोरींना सांगते. मी श्वास घेतला. बोट थांबलं. त्याच्यावरचं बोटही थांबलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं.

आवाज मात्र थांबला नव्हता. मी म्हणत होते की येसकरानं कंदील उचलला आणि फटीला लावला आणि डोळा फटीला भिडवला. आता पुढं काय, मला खरंच माहीत नव्हतं. अठरा वर्षं ज्या जागी मी पळाले होते त्या जागी मी उभी होते आणि यावेळी मला न्यायला आई नव्हती. मग मी पाहिलं. मी म्हणाले, आत दाराला लागून एक बाई उभी होती. तिच्या पायांत जोडवी होती. हात कडीवर होता. ती श्वास घेत नव्हती, कारण बाहेर काय उभं आहे ते तिला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं. कंदिलाचा उजेड तिच्या डोळ्यांत पडला. तिला एक डोळा दिसला, नुसता माणसाचा डोळा, आणि त्याला तिचा. त्याला बघून ती भ्याली त्याहून तो तिला बघून जास्त भ्याला, कारण घरात असून तिला बाहेर पडायला वाट नव्हती. ती पोरगी केशरबाईंच्या पदरात शिरली, पण डोळे माझ्यावरच.

मामांनी बोट उचललं नाही. हळूच विचारलं, पुढं लय वाईट लिव्हलंय का. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले:

"माझ्या गोष्टीत आत समदे मेलेले व्हते, बेबे. घराघरात कड्या लावून मेलेले, गाद्यांवर धूळ. गावात त्यो येसकर एकटाच जिता. लोकांनी लय वाहवा केली. माझा बाप रडला. पण म्या रागात व्हतो, म्हणून म्या त्यांला मारून टाकलं. तू तिला जिती ठिवलीस. जिती हाय म्हंजी कडी निघू शकती. तुझं बराबर हाय."

या माणसाकडून मी वाचायला शिकले होते आणि आज त्यांनी मला उत्तीर्ण केलं होतं. मला जन्मात इतकं मोठं वाटलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझं बोट आपल्या बोटानं किंचित पुढं ढकललं, लहानपणी मी अडखळले की ढकलायचे तसं.

"मंग तिसरी थाप मारली का त्यानं?"

बाया माझ्याकडं बघत होत्या. मला ती गल्ली दिसली, बोटभर फट, थांबलेल्या बांगड्या. उद्या सोमवार होता आणि शाळा पाचला सुटते.

"अजून न्हाई," मी म्हणाले.